पिट्सबर्ग–वॉशिंग्टन सायकलमार्ग

पिट्सबर्ग–वॉशिंग्टन सायकलमार्ग हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागातील, मोटारवाहनांना बंदी असलेला सुमारे ५४० किलोमीटर (३३५ मैल) लांबीचा मार्ग आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहरातून निघून तो ॲलेगेनी पर्वत ओलांडतो आणि मेरीलँड राज्यातून पोटोमॅक नदीच्या काठाने राजधानी वॉशिंग्टन येथे पोहोचतो. दोन स्वतंत्र पथ मेरीलँडमधील कंबरलँड या गावी एकमेकांस मिळाल्याने हा मार्ग तयार झाला आहे. पश्चिमेकडील २४० किलोमीटरचा 'ग्रेट ॲलेगेनी पॅसेज' हा पथ मुख्यतः बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या भरावावरून जातो. पूर्वेकडील २९७ किलोमीटरचा पथ म्हणजे 'चेसापीक अँड ओहायो' या जुन्या कालव्याचा काठ होय.

शहरांलगतचे काही डांबरी तुकडे सोडल्यास मार्गाचा पृष्ठभाग चुनखडीचा बारीक चुरा, खडी किंवा घट्ट बसलेली माती असा आहे. यामुळे खडीवाटांवरील सायकलस्वारीसाठी, म्हणजेच 'ग्रॅव्हल सायकलिंग'साठी, हा मार्ग विशेष परिचित आहे. मात्र त्याचा कोणताही भाग मूळात सायकलींसाठी बांधलेला नव्हता. कालवा आणि रेल्वे यांचे काम संपल्यानंतर मोकळी पडलेली ही जमीन नागरिकांच्या प्रयत्नांमुळे सलग राहिली, आणि म्हणून हा मार्ग अस्तित्वात आला.

भूगोल

पिट्सबर्गमध्ये ॲलेगेनी आणि मोनोंगाहेला या नद्यांच्या संगमातून ओहायो नदी उगम पावते. मार्गाचे पश्चिम टोक या संगमावरील उद्यानात आहे. तेथून तो प्रथम मोनोंगाहेला नदीच्या काठाने जुन्या पोलाद कारखान्यांच्या वस्त्यांतून जातो. मॅकीजपोर्ट येथे तो यॉकागेनी नदीच्या खोऱ्यात शिरतो. वेस्ट न्यूटन, कॉनेल्सव्हिल आणि ओहायोपाइल ही गावे मागे टाकून तो कॉन्फ्लुअन्स येथे येतो. तेथे यॉकागेनीची सोबत सुटते आणि कॅसलमन नदीचे खोरे सुरू होते.

मायर्सडेल गावाच्या पूर्वेस मार्ग आपल्या सर्वोच्च बिंदूवर, समुद्रसपाटीपासून ७२९ मीटर (२,३९२ फूट) उंचीवर, पोहोचतो. येथे पूर्व खंडीय जलविभाजक आहे. या रेषेच्या पश्चिमेस पडलेले पाणी ओहायो आणि मिसिसिपी नद्यांतून मेक्सिकोच्या आखातास मिळते, तर पूर्वेस पडलेले पाणी पोटोमॅकमधून चेसापीक उपसागरात आणि पुढे अटलांटिक महासागरात जाते. जलविभाजकापासून कंबरलँडपर्यंतचा सुमारे ३८ किलोमीटरचा उतार हा संपूर्ण मार्गावरील सर्वांत तीव्र भाग होय. तरीही रेल्वेच्या इंजिनांसाठी आखलेला असल्याने त्याची चढण दोन टक्क्यांच्या आतच आहे.

कंबरलँडच्या पुढे मार्ग पोटोमॅक नदीच्या डाव्या, म्हणजे मेरीलँडच्या, काठाने जातो. या टप्प्यात २९७ किलोमीटर अंतरात केवळ १८४ मीटरची (६०५ फुटांची) उतरण आहे. ती अंगभर पसरलेली नसून कालव्याच्या लॉकपाशी लहान लहान पायऱ्यांसारखी येते. दोन लॉकांमधील वाट जवळजवळ सपाट असते. मार्गाचे पूर्व टोक वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात, कालवा पोटोमॅक नदीस मिळतो त्या ठिकाणी आहे.

इतिहास

पूर्वपीठिका

अटलांटिकचा किनारा आणि ओहायो नदीचे खोरे यांना जोडणारा जलमार्ग असावा, ही कल्पना अठराव्या शतकातील आहे. जॉर्ज वॉशिंग्टन हे १७५४ साली व्हर्जिनियाच्या सैन्यातील तरुण अधिकारी असताना यॉकागेनी नदीतून नावा नेता येतील काय, याची पाहणी करण्यास गेले होते. ओहायोपाइल येथील धबधब्यामुळे त्यांना तो विचार सोडावा लागला. पुढे १७८५ साली त्यांच्याच पुढाकाराने पोटोमॅक नदी नौकानयनास योग्य करण्यासाठी एक कंपनी स्थापन झाली. तिने धबधब्यांना वळसा घालणारे छोटे कालवे खोदले. परंतु नदीतील पाण्याची पातळी वर्षभर सारखी राहत नसल्याने हा उपाय अपुरा ठरला.

कालवा

नदीला समांतर स्वतंत्र कालवा खोदण्याच्या कामास ४ जुलै १८२८ रोजी प्रारंभ झाला. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी पहिली कुदळ मारली. त्याच दिवशी बाल्टिमोर येथे 'बाल्टिमोर अँड ओहायो' या रेल्वेमार्गाचाही शुभारंभ झाला. कालवा आणि रेल्वे या दोहोंना ओहायो नदीच गाठावयाची होती, आणि पोटोमॅकच्या अरुंद खोऱ्यात दोहोंना जागा पुरत नव्हती. 'पॉइंट ऑफ रॉक्स' येथील खिंडीच्या हक्कावरून झालेल्या खटल्याचा निकाल १८३२ साली कालव्याच्या बाजूने लागला. मात्र शर्यत रेल्वेनेच जिंकली. रेल्वे १८४२ साली कंबरलँडला पोहोचली. कालव्याला तेथे पोहोचण्यास १८५० साल उजाडले. तोवर सुमारे १ कोटी १० लाख डॉलर खर्च झाले होते. पर्वत ओलांडून पिट्सबर्गपर्यंत जाण्याचा मूळ बेत त्यानंतर सोडून देण्यात आला.

कालव्यावर चढउतारासाठी ७४ लॉक आणि उपनद्या ओलांडण्यासाठी ११ जलसेतू बांधण्यात आले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांस दारे असलेला दगडी हौद. त्यात पाणी भरून किंवा सोडून नाव वरच्या अथवा खालच्या पातळीवर नेली जाई. प्रत्येक लॉकजवळ रखवालदाराचे घर असे. नावांना शिडे वा इंजिने नसत. काठावरून चालणारी खेचरे त्या दोराने ओढीत. या खेचरांसाठी राखलेल्या सुमारे १२ फूट रुंदीच्या वाटेस 'टोपाथ' म्हणतात, आणि आजचा सायकलमार्ग त्याच वाटेवरून जातो. नावाड्यांची कुटुंबे बहुधा नावेवरच राहत, आणि खेचरांसोबत चालण्याचे काम पुष्कळदा मुलांकडे असे. कंबरलँडच्या डोंगरांतील दगडी कोळसा हा वाहतुकीतील प्रमुख माल होता. एका नावेत सुमारे १२० टनांपर्यंत कोळसा मावत असे.

१८७० च्या दशकात कालव्याची भरभराट झाली. १८८९ च्या महापुराने त्याचे अतोनात नुकसान केले. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि कालव्याचे नियंत्रण प्रतिस्पर्धी रेल्वे कंपनीकडे आले. १९२४ च्या पुरानंतर दुरुस्ती न झाल्याने नौकानयन कायमचे थांबले. १९३८ साली संघराज्य शासनाने हा कालवा रेल्वेकडून २० लाख डॉलरना विकत घेतला.

महामार्गाचा प्रस्ताव आणि १९५४ ची पदयात्रा

दुसऱ्या महायुद्धानंतर कालव्याच्या जमिनीवर मोटारींसाठी निसर्गरम्य महामार्ग बांधण्याची योजना पुढे आली. ही योजना राष्ट्रीय उद्यान सेवेच्याच विचाराधीन होती. अधिकाधिक लोकांना नदीचे सौंदर्य मोटारीतून पाहता यावे, असा तिचा युक्तिवाद होता. पडीक झालेला कालवा झाडाझुडपांनी भरून गेला होता आणि त्याचा अन्य उपयोग अनेकांना दिसत नव्हता. जानेवारी १९५४ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट' या दैनिकाने अग्रलेखातून महामार्गास पाठिंबा दिला.

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम ओ. डग्लस यांनी या अग्रलेखास पत्राने उत्तर दिले. मोटारीच्या वेगाने जाणाऱ्यास हा प्रदेश कळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी संपादकांना आपल्यासोबत संपूर्ण वाट चालून पाहण्याचे आवाहन केले, आणि संपादकीय विभागाने ते स्वीकारले. मार्च १९५४ मध्ये कंबरलँडहून पदयात्रा निघाली. निसर्ग अभ्यासक ओलॉस म्युरी आणि सिगर्ड ओल्सन हेही तीत सहभागी झाले होते. प्रारंभी सुमारे ६० जण होते. आठ दिवसांनंतर वॉशिंग्टनला पोहोचेपर्यंत सारे अंतर पायी चाललेल्या व्यक्ती डग्लस धरून ९ उरल्या होत्या. वाटेत ठिकठिकाणी लोकांनी यात्रेचे स्वागत केले आणि वृत्तपत्रांनी तिला मोठी प्रसिद्धी दिली. यात्रेनंतर 'वॉशिंग्टन पोस्ट'ने आपल्या भूमिकेत बदल केला.

पदयात्रेने महामार्गाचा प्रश्न तात्काळ सुटला नाही, मात्र त्यास विरोध करणारे संघटित लोकमत तयार झाले. १९६१ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कालव्यास राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. जानेवारी १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या स्वाक्षरीने 'चेसापीक अँड ओहायो कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान' अस्तित्वात आले. १९७७ साली हे उद्यान डग्लस यांना अर्पण करण्यात आले.

रेल्वेमार्गाचे पथात रूपांतर

पर्वतापलीकडील भागाचा इतिहास वेगळा आहे. 'वेस्टर्न मेरीलँड' या रेल्वे कंपनीने कंबरलँड ते कॉनेल्सव्हिल हा मार्ग १९१२ साली पूर्ण केला. पर्वतातून जाण्यासाठी तिने बोगदे आणि उंच पूल बांधले. परंतु याच खोऱ्यांतून दुसऱ्या कंपनीचा रेल्वेमार्ग आधीच जात होता. पुढे कंपन्यांचे एकत्रीकरण झाल्यावर दोन समांतर मार्ग अनावश्यक ठरले, आणि १९७५ साली हा मार्ग बंद करण्यात आला.

रूळ काढल्यानंतर रेल्वेची पट्टी सहसा तुकड्यातुकड्याने विकली जाते. एकदा तिच्यावर घरे वा शेते उभी राहिली, की ती पुन्हा जोडणे जवळजवळ अशक्य होते. येथे तसे होऊ नये म्हणून स्थानिक नागरिक, जिल्हा प्रशासने आणि निसर्गसंवर्धन संस्था यांनी जमिनी मिळवण्यास सुरुवात केली. ओहायोपाइल परिसरातील पहिला सुमारे १४ किलोमीटरचा (९ मैलांचा) टप्पा १९८६ साली खुला झाला. वेगवेगळ्या टप्प्यांवर काम करणाऱ्या संस्थांनी १९९५ साली 'ॲलेगेनी ट्रेल अलायन्स' हा संघ स्थापन केला. २००६ साली मॅकीजपोर्ट ते कंबरलँड हे अंतर सलग झाले. पिट्सबर्ग शहरालगतच्या औद्योगिक जमिनींतील शेवटची खंडित जागा जून २०१३ मध्ये जोडली गेली. कालव्याच्या पहिल्या कुदळीनंतर १८५ वर्षांनी वॉशिंग्टन आणि पिट्सबर्ग ही दोन शहरे अशा प्रकारे एका संथ मार्गाने जोडली गेली.

प्रमुख बांधकामे

सॅलिसबरी पूल: मायर्सडेलजवळ कॅसलमन नदीच्या खोऱ्यावरील ५८२ मीटर (१,९०८ फूट) लांबीचा लोखंडी पूल. खालून नदी, रेल्वेमार्ग आणि महामार्ग जातात.

बिग सॅव्हेज बोगदा: जलविभाजकाच्या पूर्वेस असलेला, १,००४ मीटर (३,२९४ फूट) लांबीचा बोगदा. पाझरणारे पाणी गोठून अस्तराची हानी होऊ नये म्हणून हिवाळ्यात त्याची दारे बंद ठेवली जातात. त्या काळात सलग प्रवास करता येत नाही. बोगद्याच्या पूर्वेस पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड यांमधील मेसन–डिक्सन सीमारेषा मार्गावर चिन्हांकित केली आहे.

पॉ पॉ बोगदा: पोटोमॅकच्या नागमोडी वळणांचा सुमारे १० किलोमीटरचा फेरा टाळण्यासाठी कालव्याकरिता खोदलेला ९५० मीटर (३,११८ फूट) लांबीचा बोगदा. काम १८३६ साली सुरू झाले. ते दोन वर्षांत संपेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात १४ वर्षे लागली. थकलेली मजुरी आणि मजुरांमधील दंगली ही विलंबाची काही कारणे होती. आतील अस्तरास सुमारे ६० लाख विटा लागल्या. बोगद्यात दिवे नाहीत. कठड्यालगतची वाट अरुंद असल्याने विजेरी घेऊन सायकल हाती धरून चालत जाण्याची सूचना करण्यात येते.

मोनोकसी जलसेतू: १८३३ साली पूर्ण झालेला, ७ कमानींचा आणि १५७ मीटर (५१६ फूट) लांबीचा दगडी सेतू. हा कालव्यावरील सर्वांत मोठा जलसेतू होय. यादवी युद्धात १८६२ साली दक्षिणेच्या सैन्याने तो उडवण्याचा प्रयत्न केला, परंतु बांधकामाच्या मजबुतीमुळे तो फसला.

मार्गावरील ऐतिहासिक स्थळे

पिट्सबर्गलगतच्या होमस्टेड येथे जुलै १८९२ मध्ये पोलाद कारखान्यातील संपकरी कामगार आणि मालकांनी आणलेले खासगी सशस्त्र रक्षक यांच्यात रक्तरंजित चकमक झाली. त्या ठिकाणची पंपघराची इमारत मार्गालगत उभी आहे. यॉकागेनीच्या खोऱ्यात जेकब्ज क्रीक गावाजवळ डिसेंबर १९०७ मध्ये 'डार' या कोळसा खाणीतील स्फोटात २३९ कामगार मृत्युमुखी पडले. आज घनदाट वन दिसणाऱ्या या प्रदेशाचा मोठा भाग एकेकाळी खाणी आणि कोकच्या भट्ट्या यांनी व्यापलेला होता. ओहायोपाइलपासून जवळच वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी धबधब्यावर बांधलेले 'फॉलिंगवॉटर' हे घर आहे. २०१९ साली त्याचा समावेश जागतिक वारसा स्थळांत झाला.

कालव्याच्या टप्प्यावर १७५६ साली बांधलेला फोर्ट फ्रेडरिक हा दगडी किल्ला आहे. शार्प्सबर्गजवळच्या अँटिटम येथे १७ सप्टेंबर १८६२ रोजी एकाच दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. हार्पर्स फेरी येथे पोटोमॅक आणि शेनॅन्डोआ या नद्यांचा संगम आहे. गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठाव घडवून आणण्याच्या हेतूने जॉन ब्राउन यांनी ऑक्टोबर १८५९ मध्ये येथील शस्त्रागारावर छापा घातला होता. मार्ग मेरीलँडच्या काठावर असल्याने गावात जाण्यासाठी रेल्वेपुलालगतच्या पादचारी पुलाचा उपयोग करावा लागतो.

वनसृष्टी आणि वन्यजीवन

नदीकाठी सायकामोर, सिल्व्हर मेपल आणि पॉपॉ हे वृक्ष, तर डोंगरउतारांवर ओक, हिकरी आणि ट्युलिप वृक्ष आढळतात. यांपैकी बरेचसे वन अलीकडचे आहे. कालवा वापरात असताना काठावरील झाडे दोराच्या आड येत, म्हणून ती तोडली जात. आज वाटेवर सावली धरणारे वृक्ष मुख्यतः नौकानयन थांबल्यानंतरच्या शतकात वाढले आहेत. पाणी साचलेल्या कालव्याच्या तुकड्यांत कासवे, बेडूक आणि बगळे दिसतात. पांढऱ्या शेपटीची हरणे सर्वत्र आढळतात, तर डोंगराळ भागात काळे अस्वल आणि खुळखुळ्या साप यांचा वावर आहे. प्रवाशांना गोचिड्यांपासून, तसेच त्वचेवर पुरळ उठवणाऱ्या 'पॉयझन आयव्ही' या वेलीपासून सावध राहण्याचा सल्ला दिला जातो.

प्रवास

संपूर्ण अंतर पार करण्यास सायकलस्वारांना सामान्यतः पाच ते आठ दिवस लागतात. पिट्सबर्गकडून निघाल्यास चढण दीर्घ परंतु अत्यंत सौम्य असते, म्हणून पुष्कळजण ही दिशा निवडतात. रेल्वेपथाचा पृष्ठभाग चुनखडीच्या चुऱ्यामुळे पावसानंतर लवकर निचरतो. टोपाथची स्थिती तुलनेने खडबडीत असते. मुळे, दगड आणि पावसाळी चिखल यांमुळे तेथे ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीची टायरे सोयीची ठरतात. अलीकडच्या वर्षांत टोपाथवरही टप्प्याटप्प्याने बारीक खडी पसरण्यात येत आहे.

टोपाथवर ठरावीक अंतराने पायी आणि सायकलने येणाऱ्यांसाठी विनामूल्य मुक्कामाच्या जागा आहेत. तेथे हातपंप, मेज, शेकोटीची जागा आणि शौचालय असते. हातपंप हिवाळ्यात बंद ठेवले जातात. लॉकच्या रखवालदारांची काही जुनी घरे दुरुस्त करून रात्रीच्या मुक्कामासाठी भाड्याने दिली जातात. ॲलेगेनी टप्प्यात मुक्काम आणि भोजन यांसाठी मुख्यतः वाटेवरील गावांवर अवलंबून राहावे लागते. खाणी आणि कारखाने बंद पडल्याने ओस पडू लागलेल्या या गावांत सायकलस्वारांमुळे खाणावळी, निवासगृहे आणि दुरुस्तीची दुकाने उघडली आहेत.

देखभाल आणि अडचणी

कालव्याचा टप्पा राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अखत्यारीत आहे. ॲलेगेनी टप्प्याची मालकी मात्र अनेक स्थानिक शासने आणि संस्था यांच्यात विभागलेली असून त्याची दैनंदिन देखभाल मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकांवर अवलंबून आहे. गवत कापणे, पडलेली झाडे हटवणे आणि चर मोकळे ठेवणे ही कामे ते करतात. टोपाथवर १९५४ च्या पदयात्रेतून उदयास आलेली 'कालवा संघटना' कार्यरत आहे. तिच्या उपक्रमात दोन लॉकांमधील एकेक टप्पा एकेका सदस्याकडे सोपवलेला असतो. तो सदस्य ठरावीक काळाने तेथे फिरून कचरा उचलतो आणि पडझडीची माहिती उद्यान सेवेस कळवतो.

पूर ही मार्गापुढील सर्वांत जुनी अडचण आहे. कालवा नदीलगत खोदलेला असल्याने ज्या कारणाने नौकानयन बंद पडले, तेच कारण आजही भिंती आणि भराव खचवत असते. कटोक्टिन जलसेतूच्या दोन कमानी १९७३ साली कोसळल्या. त्याची पुनर्बांधणी २०११ साली पूर्ण झाली. 'बिग स्लॅकवॉटर' या भागातील वाट पुरांनी वाहून गेल्याने प्रवाशांना अनेक वर्षे वाहता रस्ता वापरावा लागत होता. तो तुकडा २०१२ साली पुन्हा खुला झाला. अशा वेळी मार्गाचा एक लहानसा भाग नाहीसा झाला, तरी प्रवाशाला मोटारींच्या रस्त्यावर यावे लागते. त्यामुळे मार्गाचे मोटारमुक्त स्वरूप त्याच्या एकूण लांबीपेक्षा सलगतेवर अधिक अवलंबून आहे.